गावात जाताना माईक पिशवीतच असू द्या

वाचकांचे प्रश्न : या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे नभोवाणी आणि तिचे श्रोते यांच्या नात्याविषयी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्या लेखिकेने सांगली परिसरात नभोवाणीच्या कार्यक्रमांसाठी अनेक वर्षे गावोगाव फिरून ध्वनिमुद्रण केले आहे.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी एका स्थानिक नभोवाणी केंद्रात लोकसंपर्क समन्वयक म्हणून कंत्राटी पद्धतीने रुजू झाले. दर महिन्याला आठ गावांत बैठका घ्यायच्या आणि सह्या व छायाचित्रे जोडून अहवाल द्यायचा, असे मला सांगण्यात आले आहे. बैठकीला सरपंच, ग्रामसेवक आणि चार ज्येष्ठ मंडळी येतात. बायका लांब उभ्या राहतात आणि विचारले तर ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणून हसतात. पुष्कळदा लोक रस्त्याचे, पाण्याचे, पेन्शनचे अर्जच माझ्या हातात देतात. कार्यक्रम विभागातील सहकारी माझ्या कामाला केंद्राची जाहिरात समजतात. माझे नेमके काम कोणते, हे मलाच कळेनासे झाले आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘बायका लांब उभ्या राहतात’ या वाक्यापाशी मी थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे. त्या लांब उभ्या असलेल्या बायकांना काय ऐकायचे आहे हे समजून घेणे, ते केंद्रापर्यंत पोहोचवणे आणि प्रसारण झाल्यावर त्यांच्या दारात पुन्हा जाऊन ‘ऐकलंत का, कसं वाटलं’ असे विचारणे, हे तुमचे काम आहे. केंद्राचे नाव गावात नेणे हा त्यातला अगदी लहान भाग झाला.

हे काम कोणाच्या हौसेवर सोडलेले नाही, हे सहकाऱ्यांशी बोलताना सांगायला हरकत नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. लोकांना माहिती देणे, त्यांचे शिक्षण आणि मनोरंजन करणे यासाठी प्रसारणसेवा चालवणे हे त्यात महामंडळाचे प्राथमिक कर्तव्य म्हणून सांगितले आहे, आणि शेती, ग्रामविकास, आरोग्य, स्त्रियांचे प्रश्न, मुले, वृद्ध आणि दुर्बल घटक यांच्याकडे विशेष लक्ष देण्याची अपेक्षा त्यातच नोंदवलेली आहे. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे आकाशवाणीचे ब्रीद आहे. बहुजनांचे हित कशात आहे हे स्टुडिओच्या बंद दारामागे बसून ठरवता येत नाही. त्यासाठी कोणीतरी उठून गावात जावे लागते, आणि तुमच्या केंद्रात ते कोणीतरी म्हणजे तुम्ही आहात.

मी सुरुवातीला केलेली एक चूक तुम्हाला सविस्तर सांगते. मिरज तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात हळदीच्या हंगामात आम्ही शेतकरी महिलांच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. देवळात सतरंजी अंथरलेली, हार-नारळाची तयारी झालेली. मी गेल्या गेल्या माईक काढला आणि ‘ताई, हळद काढणीबद्दल दोन शब्द सांगा’ असे म्हटले. ज्या बाई दोन मिनिटांपूर्वी शेजारणीशी खळखळून बोलत होत्या, त्यांचा आवाज एकदम शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारखा झाला. त्यांनी शासनाचे आभार मानले, आमचे आभार मानले आणि पदर डोक्यावरून सारखा करून त्या गप्प झाल्या. परतीच्या गाडीत मी फीत ऐकली. दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात कामाचे एकही वाक्य नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच गेले, पहाटेच्या वेळी, जिथे हळद शिजत होती तिथे. माईक पिशवीतून काढलाच नाही. काहिलीखाली जाळ चाललेला, वाफेला तो मातकट उग्र वास, आणि चार-पाच बायका शिजलेली हळद पसरत होत्या. मी बसून हळकुंडे निवडू लागले. अर्ध्या तासाने एका बाईंनी आपले हात माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या आत पिवळा रंग बसला होता. त्या म्हणाल्या, ‘ह्या हातानं भाकरी थापायला बसलं की मीठ-पाण्यानं जीव जातोय बघा. ह्याला काय औषध हाय का, ते इचारा की तुमच्या डॉक्टरला.’ दुसऱ्या बाईंनी त्याहून मोलाची गोष्ट सांगितली : ‘तुमचा बायकांचा कार्यक्रम दुपारच्याला असतोय, तवा आमी रानात असतोय. घरात ऐकायला म्हातारी तेवढी, तिलाबी कमी ऐकू येतंय.’

बायकांसाठी म्हणून केलेला कार्यक्रम बायका घरात नसताना लागत होता, आणि ही गोष्ट इतकी वर्षे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. तिसऱ्या खेपेला मी यंत्र घेऊन गेले. तेव्हा त्यांनीच विचारले, ‘आज भरून घेणार काय?’ भेगांचा प्रश्न त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केला, मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडून सोप्या भाषेत उत्तर घेतले, आणि वरिष्ठांशी बरेच बोलून त्या मालिकेपुरते पुनःप्रसारण संध्याकाळी, भाकरीच्या वेळी लावून घेतले. प्रसारणाच्या संध्याकाळी मी त्याच गावात होते. चुलीपुढे बसलेल्या बाईंनी स्वतःचा आवाज ऐकला आणि तवा उतरवून ठेवला. त्यानंतर त्या गावात बैठक बोलावण्याची गरज मला पडली नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की नव्या गावातील पहिली फेरी माईकशिवाय करा आणि बैठकीच्या जागेऐवजी कामाच्या जागी जा. तासगाव भागात द्राक्षबागेत छाटणीला आलेल्या टोळ्या असतात, बेदाण्याच्या शेडवर निवडणीला बसलेल्या बायका असतात, उसाच्या फडाशेजारी पालं ठोकून राहिलेली मराठवाड्यातील कुटुंबे असतात. यातली शेवटची मंडळी वर्षातले पाच-सहा महिने आपल्या जिल्ह्यात राबतात आणि तरीही कोणत्याच गावाच्या बैठकीत त्यांना आमंत्रण नसते. त्यांच्या मुलांच्या शाळेचा, गरोदर बाईच्या तपासणीचा, रेशनचा प्रश्न आपल्या केंद्राच्या टापूतच उभा आहे. मग तो आपल्या कार्यक्रमात का नसावा? सरपंचांना डावलू नका, त्यांना आधी भेटून येण्याचे कारण जरूर सांगा. पण गावाचे म्हणणे म्हणून फक्त त्यांचेच म्हणणे घेऊन परतू नका.

आता अर्जांविषयी. लोक तुमच्या हातात अर्ज देतात याचा अर्थ त्यांना तुमच्याविषयी विश्वास वाटतो, त्यामुळे त्याचा त्रास मानू नका. मात्र ‘करून देते’ असे एकदाही म्हणू नका. एक साधी वही ठेवा आणि त्यात तारीख, गाव, प्रश्न आणि तो कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो हे लिहा. महिन्याभरात वही चाळली तर दिसेल की वेगवेगळ्या गावांतील दहा-बारा अर्ज खरे तर एकच प्रश्न विचारत आहेत. समजा तो संजय गांधी निराधार योजनेचा असला, तर तहसील कार्यालयातील संबंधित अधिकाऱ्यांना केंद्रावर बोलवा आणि लोकांच्या आवाजातील प्रश्न त्यांना एकामागून एक ऐकवा. कोणती कागदपत्रे लागतात, अर्ज नेमका कोठे अडतो, हयातीचा दाखला केव्हा द्यायचा, याची उत्तरे अधिकाऱ्यांच्या तोंडून गेली की ज्यांनी अर्ज दिलाच नव्हता त्यांचेही काम होते. ज्यांचा प्रश्न घेतला त्यांना प्रसारणाचा दिवस आणि वेळ आधी कळवण्यास विसरू नका. ध्वनिमुद्रण करताना, ते कोठे आणि केव्हा ऐकू येईल हे सांगूनच संमती घ्या. घरातला छळ, कर्ज किंवा आजार यांविषयी कोणी बोलले तर नाव न घेण्याची तयारी तुम्ही आपणहून दाखवा.

लोकांची भाषा समजून घेणे किती निकडीचे असते, हे आपल्याला महापुराने शिकवले आहे. धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे, असे निवेदन आपण वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी, हे अभियंत्याला कळते. पण सांगलीतला माणूस पूर मोजतो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या फुटांत. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथे शाळकरी मुलालाही पाठ असते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते हे कोणी विसरलेले नाही. त्यातही घरातल्या माणसाचा खरा प्रश्न ‘माझ्या गल्लीत पाणी केव्हा येईल’ एवढाच असतो. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा भागांतील जुन्या रहिवाशांना, कोणत्या पातळीला पाणी कोठल्या वळणावर येते, हे अनुभवाने माहीत असते. ही माहिती पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, त्यांच्याशी बसून गोळा करावी, पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाकडून तपासून घ्यावी आणि निवेदकांच्या टेबलावर तयार ठेवावी. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले, की बॅटरीवरचा रेडिओच हाताशी उरतो. त्या रात्री निवेदकाने उच्चारलेले वाक्य ऐकणाऱ्याच्या गल्लीपर्यंत पोहोचावे असे वाटत असेल, तर ते वाक्य आधी त्या गल्लीतूनच यायला हवे. लोकसंपर्काच्या कामाचे याहून मोठे प्रयोजन मला माहीत नाही.

अहवालाबद्दल थोडक्यात. आठ बैठकांचा नियम तुम्हाला एकट्याने बदलता येणार नाही, तेव्हा तो पाळा. पण आठ नवी गावे घेण्याऐवजी चार गावांत दोनदा जाण्याची परवानगी मागून पाहा. अहवालाच्या तक्त्यात ‘मागच्या भेटीत विचारलेल्या प्रश्नाचे काय झाले’ असा एक रकाना स्वतःहून वाढवा. तीन महिने तो रकाना भरत गेलात, तर कार्यक्रम विभागातील सहकारी विषय शोधताना तुमच्या टेबलापाशी येऊ लागतील. माझ्याकडे तसे येऊ लागले होते.

प्रश्न : मी साताऱ्यात महाविद्यालयात शिकतो. आकाशवाणी आणि सामुदायिक रेडिओ यांत फरक काय? आम्हा मित्रांना गावासाठी असे केंद्र सुरू करता येईल का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : आकाशवाणी ही प्रसार भारतीची, म्हणजे सार्वजनिक निधीवर चालणारी सेवा आहे, आणि तिची केंद्रे साताऱ्यात आणि सांगलीतही आहेत, सांगलीचे केंद्र १९६३ पासून सुरू आहे. सामुदायिक रेडिओ एखादी शैक्षणिक किंवा स्वयंसेवी संस्था परवाना घेऊन आपल्या परिसरापुरता चालवते. त्याची मुळे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी १९९५ च्या निकालात आहेत. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या खंडपीठात होते, आणि रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्या निकालाने स्पष्ट केले. त्यानंतर शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही ही वाट मोकळी झाली. प्रक्षेपकाची शक्ती साधारण १०० वॅट, त्यामुळे पल्ला काही किलोमीटरचा. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत अशी अट. आणि स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई.

एकट्या व्यक्तीला किंवा मित्रमंडळाला परवाना मिळत नाही. तुमच्या मनात खरोखर आस्था असेल तर आधी म्हसवडला जा. माण तालुक्यात माणदेशी फाउंडेशन ‘माणदेशी तरंग वाहिनी’ चालवते आणि तिथे स्थानिक बायका निवेदन आणि ध्वनिमुद्रण करतात. जत तालुक्यात जालिहाळ येथे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची ‘येरळावाणी’ आहे. अशा केंद्रांत सुट्टीचा एक महिना काम करा. परवान्याचा विचार त्यानंतर करा. यंत्रसामग्रीचा खर्च एकदाच करावा लागतो, परंतु रोज सकाळी केंद्राचे दार उघडणारी माणसे वर्षानुवर्षे टिकवणे हेच त्यातले सर्वांत अवघड काम आहे.

प्रश्न : मी जत तालुक्यातील एका सीमेवरच्या गावात राहणारा सेवानिवृत्त शिक्षक आहे. आमच्या गावात घरोघरी कन्नड बोलतात. मराठी सर्वांना समजते, परंतु वयस्क बायकांना बोलता येत नाही. त्यामुळे रेडिओवर आमचे गाव कधी ऐकू येत नाही. पूर्वीसारखे श्रोता मंडळ काढावे असे मनात आहे. मोबाईलच्या काळात त्याला काही अर्थ आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, जत तालुका

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण ज्या परंपरेविषयी आपण विचारता ती आपल्याच मातीतली आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ या सूत्रावर शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि त्या वेळचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा गावातील वीसेक माणसे एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर आपापसांत बोलत, आणि मंडळाचा निमंत्रक त्या चर्चेचा वृत्तान्त व प्रश्न केंद्राला कळवी. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरे दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या, पण मंडळ नसलेल्या गावांत तशी भर आढळली नाही. पुढे १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

या निष्कर्षातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. १९५६ मध्ये नुसत्या रेडिओसंचाने गाव बदलले नाही, तसे आज नुसत्या मोबाईलनेही बदलणार नाही. मोबाईलवर प्रत्येक जण वेगळे काहीतरी ऐकतो आणि एकटाच ऐकतो. मंडळात दहा-पंधरा माणसे एकच गोष्ट ऐकून उठतात आणि त्यावर भांडतातसुद्धा. माझ्या अनुभवात निर्णय त्या भांडणातूनच होतात. तेव्हा मंडळ अवश्य काढा. आठवड्याचा एक वार ठरवा, जागा शाळेचा व्हरांडा असो किंवा देवळाचा पार, आणि निमंत्रक म्हणून एखादी तरुण मुलगी नेमा. आपण मागे राहून तिला लिहिण्यात मदत करावी. मोबाईललाही कामाला लावता येईल : चर्चेत आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच आवाजात भरून केंद्राकडे पाठवता येतो, जे आमच्या पोस्टकार्डांच्या काळात शक्य नव्हते.

भाषेविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. आमच्या वेळी अशा गावात गेलो की आम्ही मराठी बोलणारा एखादा मास्तर किंवा दुकानदार शोधत असू आणि त्याच्याकडून गावाचे म्हणणे भरून घेत असू. त्यामुळे आपण म्हणता त्या आज्या आमच्या फितींवर कधी आल्याच नाहीत, याचे मला आज वाईट वाटते. केंद्राला आपण असे सुचवावे की आजींना कन्नडमध्येच बोलू द्यावे, त्यांचा आवाज पुरेसा ऐकू द्यावा आणि त्यानंतर निवेदकाने मराठीत सारांश सांगावा. त्यांच्या बोलण्यावर लगेच मराठी आवाज चढवू नये. जिल्ह्यातील इतर श्रोत्यांना कन्नडची चार वाक्ये कानावर पडल्याने काही बिघडत नाही. सांगली जिल्हा असाही बोलतो, हे त्यांना कळले पाहिजे.

पहिल्या बैठकीसाठी विषय शोधण्याची गरज आपल्याला पडणार नाही असे वाटते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी कोणत्या गावापर्यंत आले, आवर्तन केव्हा सुटणार, आपल्या शिवारातील तलाव यादीत आहे की नाही, हे आपल्या भागात रोज पारावर विचारले जाते. त्यातील एकच नेमका प्रश्न निवडा, गावाचे नाव, तलावाचे नाव आणि विचारणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने घाला आणि तो केंद्राकडे पाठवा. पाटबंधारे विभागाचे उत्तर प्रसारित झाले की ते कोणी दिले आणि कोणत्या तारखेला दिले, हे आपल्या सुंदर अक्षरात शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवा. आणि पाणी येईपर्यंत तो फळा कोणाला पुसू देऊ नका.